सातव्या पायरीची तक्रार

शिवणवालीचं वागणं अलीकडे फारच बिघडलं होतं. समोरून शेजारची थोरली येतेय असं दिसलं की ती मान फिरवायची, आणि फिरवायची तीही अशी, की बघणाऱ्याला वाटावं हिला भिंतीवरच्या पालीतच जास्त रस आहे. हात मोडला होता, मान्य. पण तोंड तर शाबूत होतं ना? बावीस वर्षांचं शेजारपण. तिच्या दोन्ही बाळंतपणांत पाणी तापवलं ते थोरलीने, आणि थोरलीच्या घरातलं एकही झबलं, एकही पडदा दुसऱ्या कुणाच्या मशीनखालून गेला नव्हता. आणि आता? काल खिडकीतून विचारलं, "हात कसा आहे गं?" तर उत्तर काय, "आहे." बस. दारावर आलेल्या विमा एजंटाशीसुद्धा माणूस याहून दोन शब्द जास्त बोलतो.

"माज आलाय," थोरली सुनेला म्हणाली. "हात गळ्यात आणि नाक आभाळात."

सून भांडी पुसत होती. या घरात सुनेला काही बोलायचं असलं की ती आधी एक भांडं जोरात ठेवायची. तिने पातेलं ठेवलं.

"आई, तुम्ही तिला दवाखान्यात काय बोललात ते आठवतंय ना?"

"खरं तेच बोलले."

सुनेने दुसरं पातेलं ठेवलं, आणि मग ती काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

गोष्ट अशी झाली होती. गल्लीच्या टोकाला एकोणतीस पायऱ्या खाली उतरतात, तळाशी बसचा थांबा. पायऱ्यांना एका बाजूने लोखंडी कठडा. सातव्या पायरीपाशी त्या कठड्याचा खांब मुळातून गंजला आणि दोन हात लांबीचा तुकडा निखळून गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. महिन्यापूर्वी शिवणवाली शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन उतरत होती. पाय सरकला, हात सवयीने कठड्याकडे गेला, आणि कठडा तिथे नव्हता. उजवं मनगट. तेव्हापासून तिच्या मशीनवर कापड टाकलेलं होतं.

थोरली फळं घेऊन भेटायला गेली. खाटेभोवती गल्लीतल्या चार बायका उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "अगं, पण त्या कठड्याची तू तक्रार केली होतीस ना?"

"केली होती," शिवणवाली म्हणाली. "तीनदा."

आणि थोरलीने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "तीनदा केली असतीस तर झालं नसतं का? बटणच नीट दाबलं नसशील. दहावी झालेल्यांचं असंच असतं बाई, वाचायच्या आधीच सगळं कळतं त्यांना."

चौघी हसल्या. शिवणवाली हसली नाही. तिने प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं, जणू तोच नीट उत्तर देईल.

आता थोरलीला एवढं झोंबायचं कारण काय, तर ती तक्रारपेटी थोरलीच्या मुलाची होती.

म्हणजे एकट्याची नाही. आठ वर्षांपूर्वी तीस-बत्तीस जणांनी मिळून ती केली होती. लाकडाची पेटी नव्हे, फोनमध्ये उघडायची. रस्त्यावरचा दिवा बंद आहे, नळ गळतोय, गटाराचं झाकण गेलंय, जे असेल ते लिहायचं, फोटो लावायचा, बटण दाबायचं, की तक्रार थेट नगरकचेरीत. नोकरीच्या वेळेबाहेर, पदरचा वेळ घालून सगळ्यांनी ती बांधली. शिवाय तिचं आतलं सगळं उघडं ठेवलेलं. कुणीही आत डोकवावं, दुरुस्त करावं, आपल्या गावासाठी फुकट उचलून न्यावं. सुरुवातीला वर्तमानपत्रात फोटो आला. तो फोटो थोरलीने भिंतीवर लावला तो अजून तिथेच होता.

मग कुणाचं लग्न झालं, कुणाची बदली झाली, कुणाची नुसतीच हौस फिटली. बत्तिसाचे तीन उरले. थोरलीचा मुलगा, वाचनालयात काम करणारी एक जाड चष्म्याची बाई, तिला घरात सगळे चष्मेवालीच म्हणत, आणि वीजखात्यातून निवृत्त झालेले लाइनमनकाका. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तिघे थोरलीच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसत. नवीन तक्रारींवर कुणी बोलत नसे. "आज काय केलंत?" असं थोरलीने विचारलं की मुलगा म्हणायचा, "चालू ठेवली." गिरणीचा पट्टा फिरता ठेवायचा, दळण पडतंय का ते बघायचं नाही, असा तो कारभार. पण हे थोरलीला आत्ता सुचतंय. तेव्हा ती गल्लीभर सांगत फिरायची.

सांगायची म्हणजे कशी! कोपऱ्यावरचा दिवा लागला, "आमच्या पोराने लावला." नळाचा वायसर बदलला, "आमच्या पोराने बदलला." थोरली स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षर बोटाने पुढे ढकलत वाचणारी, तिने पेटीत एकही तक्रार कधी टाकली नव्हती. इतरांना मात्र दारात उभं राहून टाकायला लावायची. आणि सगळ्यांत आधी लावली ती शिवणवालीला. कारण शिवणवाली जुन्या पद्धतीची होती. काही मोडलं की अर्ज लिहायची, पायऱ्या उतरून कचेरीत जायची, आणि काम होईपर्यंत दर सोमवारी कारकुनासमोर शिवण घेऊन बसायची. थोरलीने तिला थांबवलं. "कशाला चपला झिजवतेस? घरबसल्या होतंय. माझ्या पोराने करून ठेवलंय, त्याचा मान राख की जरा." शिवणवालीने मान राखला.

तर सुनेचं ते दुसरं पातेलं थोरलीच्या डोक्यात दोन दिवस वाजत राहिलं. रविवार आला. तिघे बसले. थोरलीने चहा ठेवला आणि कधी नव्हे ती स्वतः खुर्ची ओढून बसली.

"शिवणवालीची तक्रार काढा," ती म्हणाली. "चुकीची लिहिली असेल. मला छापून हवी. तिच्या हातात देते, म्हणजे मिटेल."

मुलगा म्हणाला, "आई, कशाला उकरतेस?"

"मी उकरत नाही, झाकतेय. काढ."

चष्मेवालीने शोधली. सापडायला वेळ लागला नाही. तिने वाचली आणि चष्मा काढून पुसला.

"काकू, बरोबर आहे हो. पायऱ्यांचा रस्ता, वरून सातवी पायरी, डाव्या हाताचा कठडा, खांब तळातून गंजलाय, अंदाजे दोन हात तुकडा नाही. असं तर आमच्या वाचनालयात कुणी फाटक्या पुस्तकाबद्दलही लिहीत नाही."

"आणि बटण?"

"हिरवी खूण आहे. पाठवली."

"तीनही?"

"तीनही."

थोरलीचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. लगेच तिला वाट सापडली. "म्हणजे कचेरीच्याच ढुंगणाखाली आहे तर! उद्या जाते. माझ्या पोराने पाठवायचं आणि त्यांनी त्यावर बसायचं? चष्मेवाले, तू चल बरोबर. तू वाच, मी बोलते."

सोमवारी दोघी गेल्या. लांबलचक खोली, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेले नळाचे जुने तुकडे, आणि पातळ मिशीचा कारकून. थोरलीने टेबलावर तीन छापील कागद आपटले आणि तोंड सोडलं. झोपा काढता का, माणसं मरायची वाट बघता का, तीनदा पाठवलंय, तीनदा. कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं. अशा बायका त्याने बऱ्याच पाहिल्या असाव्यात.

"कुठून पाठवलंय?" तो म्हणाला.

"तक्रारपेटीतून. माझ्या मुलाच्या."

"ती?" कारकुनाच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. "ती बंद पडली ना? दोन वर्षं झाली, एक तक्रार नाही. आम्हाला वाटलं, पोरं संसाराला लागली." त्याने मागच्या कपाटातून एक जाडजूड फाइल काढली. पेटीतून आलेली प्रत्येक तक्रार छापून लावलेली, प्रत्येकीवर काम झाल्याची तारीख. शेवटची तारीख दोन वर्षांपूर्वीची. "चांगली होती हो पेटी. आमचा वेल्डर तर विचारायचा, पायऱ्यांवाल्या गल्लीचं हल्ली काहीच येत नाही, सगळं सुधारलं का तिथलं?"

चष्मेवाली फाइल उलटत राहिली. थोरलीने आपटलेले तीन कागद हळूच गोळा केले.

"आणि एक विचारू?" कारकून म्हणाला. "तुमच्याकडची एक बाई यायची, शिवण घेऊन बसणारी. ती आली की मी आधी पाणी प्यायचो आणि मग तिच्याकडे बघायचो. तिने तर हे चार दिवसांत करून घेतलं असतं. ती का येत नाही आता?"

थोरली म्हणाली, "येऊ दिलं नाही तिला." कुणी, ते तिने सांगितलं नाही.

संध्याकाळी तिघे पुन्हा टेबलाशी जमले. मुलाने लॅपटॉप उघडला आणि कुठे काय गेलं ते शोधायला लागला. थोरली त्याच्या मागे उभी होती. तिला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, पण पोराची मान कळत होती. लहानपणी काच फोडली की ती अशीच खांद्यात जायची.

"सापडलं," तो म्हणाला. त्याने लॅपटॉप अर्धवट मिटला.

"बोल."

"दोन वर्षांपूर्वी आपण पेटी नवीन केली होती. तेव्हा खोट्या तक्रारी टाकून बघायच्या होत्या, नीट जातात का ते. कचेरीला उगाच त्रास नको म्हणून मी त्यांचा पत्ता काढला आणि आपल्याच एका खात्याचा टाकला. चाचणीपुरता. मग..." तो थांबला. "मग मागचा पत्ता परत टाकायचा राहिला."

"कुणी टाकायचा होता?"

"मला वाटलं, काकांनी टाकला."

लाइनमनकाका म्हणाले, "मला वाटलं, बाईंनी." चष्मेवालीने मान खाली घातली, म्हणजे तिला कोण वाटलं होतं तेही कळलं.

"आणि दर महिन्याला बसून काय बघत होतात?"

"एक खोटी तक्रार टाकायची आणि हिरवी खूण येते का ते बघायचं," मुलगा म्हणाला. "यायची."

"पत्र डब्यात टाकलं म्हणजे घरी पोचलं, असं का?"

लाइनमनकाकांनी टेबलावरचा कप सरळ केला, मग परत सरळ केला. "वहिनी," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी खांबावर चढायच्या आधी बटणाला पाटी लावली. 'काम चालू आहे, हात लावू नये.' आणि आमच्यात नियम, ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. दुसऱ्याने काढली असेल असं धरून चाललो असतो तर आज इथे बसलो नसतो. तारांच्या बाबतीत मला हे कळत होतं. इथे मी चहा पीत बसलो."

त्या खात्यात चाचणीची सोडून दोनशे सदतीस पत्रं होती. एकही उघडलेलं नाही. थोरली म्हणाली, "वाच." चष्मेवाली वाचू लागली. दवाखान्यासमोर अंधार आहे. शाळेच्या भिंतीची तार निघाली आहे, पोरांना लागते. एका म्हाताऱ्याने लिहिलं होतं, दुसऱ्यांदा लिहितो आहे, पहिलं मिळालं नसावं, आपणही कामात असाल. मग शिवणवालीची आली. पहिली रविवारीच वाचून झाली होती. तिसरी अगदी लहान होती: तिसऱ्यांदा लिहिते आहे, कुणीतरी वाचा. आणि मधली, दुसरी, चष्मेवालीने सगळ्यांत हळू वाचली: "फोटो जोडला आहे. ही पेटी आमच्या शेजारच्या मुलाने केली आहे, म्हणून विश्वासाने लिहिते. नाहीतर स्वतः आले असते."

सुनेने स्वयंपाकघरात काहीही आपटलं नाही.

थोरली भिंतीकडे बघत होती. तिथे तो वर्तमानपत्रातला फोटो होता, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं, त्याच्यावर काहीतरी टाकावं. मशीनवर टाकतात तसं.

"आज सगळ्या पाठवतो," मुलगा म्हणाला. "पत्ता नीट करतो. उद्या मी स्वतः कचेरीत जातो. कठडा आठवड्यात होईल." मग आवाज उतरवून, "आई, लोकांना सांगायलाच हवं का? झालंच की काम. पेटी आधीच अर्धमेली आहे. हे कळलं तर संपेलच. आठ वर्षं, आई."

"झाकली मूठ," लाइनमनकाका पुटपुटले, पण पुढचं त्यांनीच गिळलं.

थोरलीला त्याच क्षणी म्हणता आलं असतं, सांगायचं. म्हणायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर गल्ली उभी राहिली. ज्या दारांत उभं राहून तिने पोराचं कौतुक सांगितलं, ती सगळी दारं. आणि खाटेभोवतीच्या चार बायका. ती म्हणाली, "कठडा होऊ दे आधी. मग बघू."

'मग बघू' ही थोरलीची भाषा नव्हती. तिला स्वतःलाच ती ऐकताना परकी वाटली.

पुढच्या दहा दिवसांत ती खिडकीत बसली नाही. बाजारात जाताना पायऱ्या टाळून लांबचा रस्ता धरला, म्हणे गुडघे दुखतात. मुलगा रोज कामावरून येऊन टेबलाशी बसायचा. पेटीच्या पहिल्या पानावर लोकांसाठी एक निवेदन टाकायचं म्हणून चार शब्द लिहायचा, पुसायचा. यंत्राला सांगायचं ते दोन-दोन तास खडाखडा लिहिणारा पोरगा, माणसांना सांगायची एक ओळ त्याला जमत नव्हती. थोरलीला त्याचा राग यायचा, आणि मग आठवायचं की तिला तर तोंड आहे, लिहायचंही नाहीये, तरी तिलाही जमत नाहीये.

गुरुवारी वेल्डर आला. ठिणग्या उडाल्या, पोरं जमली, दुपारपर्यंत सातव्या पायरीला नवा खांब आणि काळ्या रंगाचा नवा कठडा. शुक्रवारी सकाळी गल्लीतली एक बाई दारातच ओरडली, "थोरल्या वहिनी! झाला हो कठडा! तुमच्या पोराने करून दाखवलं!"

"हो," थोरली म्हणाली. तो 'हो' तिला दिवसभर पचला नाही.

शनिवारी सकाळी भाजी संपली आणि सून तापाने झोपली होती, म्हणून थोरलीला जावंच लागलं. लांबच्या रस्त्याला नळाचं खोदकाम चालू होतं. दोनशे सदतीसमधलंच एक असणार. राहिल्या पायऱ्या. ती वरच्या टोकाला आली आणि बघते तर सातव्या पायरीवर शिवणवाली उभी. डाव्या हाताने नव्या कठड्यावरून हात फिरवत होती, कापडाचा पोत बघतात तसा. तिच्या आजूबाजूला खाटेभोवतीच्याच बायका, चारपैकी तीन, बसची वाट न बघता कठडाच बघत बसलेल्या.

परत फिरावं, असं थोरलीच्या मनात आलं. पण एकीने पाहिलं होतं. ती उतरली. एक, दोन, तीन. सहाव्या पायरीवर थांबली.

या वेळी शिवणवालीने मान फिरवली नाही. उलट तीच आधी बोलली, आणि ते जास्त वाईट झालं.

"वहिनी, रागवू नका हं. महिनाभर मी बोलले नाही तुमच्याशी. चुकलंच माझं."

"अगं..."

"नाही, बोलू द्या. मला राग आला होता. मला वाटत होतं, मी नीट केलं होतं. पण आता झालाच ना कठडा? म्हणजे पेटी चालतेय. म्हणजे तुम्ही म्हणालात तेच खरं, मलाच दाबता आलं नसेल. चौथ्यांदा कुणीतरी नीट दाबलं असणार." ती हसली, जरा ओशाळून. "आता तर फोनला हात लावायचीच भीती वाटते. पोरीला सांगते, तू कर गं बाई, मला नाही कळत त्यातलं."

मागच्या बायकांतली एक म्हणाली, "जाऊ दे गं, होतं असं. आमच्या थोरल्या वहिनींचं बरोबरच असतं नेहमी."

थोरलीने पिशवी पायरीवर ठेवली. कठडा धरला. रंगाचा वास अजून येत होता. तिला आठवलं, दुसरीत असताना मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, हिच्या डोक्यात काही शिरत नाही. आणि ती त्यानंतर शाळेत गेली नव्हती. ते मास्तर चुकले होते का, हे सांगायला पुढे कुणी आलं नव्हतं.

"गप्प बस गं," ती त्या बाईला म्हणाली. मग शिवणवालीकडे वळली. आवाज नेहमीसारखा मोठा होता, खालच्या थांब्यावरच्या माणसांनीही माना वर केल्या.

"आता माझं ऐक, आणि तुम्हीही ऐका, हसायला होतात तशा ऐकायलाही राहा. बटण तू नीट दाबलं होतंस. तीनही वेळा. माझ्या पोराने आणि त्याच्या मंडळींनी पत्ता चुकीचा ठेवला, आणि तुझी पत्रं, तुझीच नाही, सगळ्यांची मिळून दोनशे सदतीस, दोन वर्षं न उघडता पडून राहिली. मला हे बारा दिवस माहीत आहे आणि मी तोंड लपवून लांबच्या रस्त्याने फिरतेय. तू कचेरीत जात होतीस ते बरोबर होतं, तुला थांबवलं ते मी. चूक आमच्या घरातली, हात तुझा, आणि जीभ माझी. तेव्हा माझ्याकडे बघून मान फिरवत होतीस ना, ते अगदी योग्य करत होतीस. आज बोललीस, ते चुकलं."